विहारात राहून शिकायचंय? माहितीपत्रक बाजूला ठेवा, वेळापत्रक मागवा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई मूळच्या अकोल्याच्या, घर बौद्ध, नोकरी पुण्यात आयटीत, वय एकतीस. इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर झालंय. आता तीन महिन्यांची बिनपगारी रजा मिळतेय आणि देशोदेशींची माणसं जिथे येऊन राहतात, शिकतात अशा एखाद्या विहारात जायचंय. थायलंड, तैवान की काठमांडू? बाईला काही दिवसांपुरतं चीवर, म्हणजे भिक्खूंचं वस्त्र, घेता येतं का? खर्च किती? आणि आईला काय सांगायचं?

ताई, आधी सरळ उत्तर देतो, कारणं मागाहून. रजा ऑक्टोबर ते डिसेंबर अशी घ्या. सुरुवातीला थायलंडमध्ये सुआन मोक्खचे दहा दिवस, मग काठमांडूजवळच्या कोपन मठातला महिन्याभराचा नोव्हेंबरचा वर्ग, आणि उरतील ते दिवस बोधगयेत. चीवराचा विषय या तिन्हीनंतर काढा.

इगतपुरीच्या अनुभवावरून विहाराचा अंदाज बांधू नका. तिथलं केंद्र, धम्मगिरी, 1976 पासून चालू आहे आणि तिथली परंपरा गोएंका गुरुजींकडे आली ती सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून, म्हणजे ब्रह्मदेशाचे महालेखापाल राहिलेल्या एका संसारी माणसाकडून. ती गृहस्थांची परंपरा आहे. स्वयंपाक धम्मसेवक करतात, घंटा ते वाजवतात, तुम्ही दहा दिवस आपल्या आसनावर बसायचं. विहारात याच्या उलट. तिथे तुम्ही साधक नंतर, आधी हाताखालचं माणूस. अंगण झाडायचं, भाजी निवडायची, न्हाणीघर धुवायचं, आणि तेही ज्येष्ठतेच्या उतरंडीत. ऑफिसात पंधरा जणांची टीम सांभाळणाऱ्या माणसाला वीस वर्षांचा श्रामणेर (नवशिका भिक्खू) ‘झाडू असा धरा’ म्हणून दाखवतो, तेव्हा आत जे ढवळतं ते दहा दिवसांच्या मौनात ढवळत नाही. अनेक जण पहिल्या आठवड्यात परततात ते ध्यान जमत नाही म्हणून नव्हे, यामुळे.

म्हणून जो कुणी विचारतो त्याला मी एकच सांगतो: जागेचे फोटो बघू नका, परंपरेचं नावही नंतर बघा. दिवसाचं वेळापत्रक मागवा आणि कुठल्या गोष्टीला किती तास दिलेत ते मोजा. तिथे तुम्ही काय शिकणार ते त्यात लिहिलेलं असतं. बसण्याला आठ तास आणि प्रवचनाला एक असेल तर ते ध्यानकेंद्र. शिकवण्याला पाच तास आणि चर्चेला एक असेल तर ती शाळा. सकाळची वंदना, भिक्षाटन, झाडलोट, एकच जेवण, दुपार मोकळी, संध्याकाळी पुन्हा वंदना असं असेल तर तो खरा विहार. तिथे कुणी तुम्हाला काही ‘शिकवणार’ नाही, तुम्ही बघून शिकायचं. तुम्हाला ‘राहून अभ्यास’ करायचाय. या दोन गोष्टी एका ठिकाणी क्वचितच मिळतात, म्हणून मी दोन ठिकाणं सुचवली.

सुआन मोक्ख दक्षिण थायलंडात, सुरत थानी प्रांतात छैयाजवळ आहे. बुद्धदास या थाई भिक्खूंनी 1932 साली ते सुरू केलं. परदेशी लोकांसाठीची शिबिरं मूळ विहाराच्या समोर, हमरस्त्याच्या पलीकडे वेगळ्या आवारात होतात. वर्षानुवर्षांचा रिवाज असा की महिन्याच्या 1 तारखेला शिबिर सुरू, आदल्या दिवशी स्वतः हजर राहून नाव नोंदवायचं. निघण्यापूर्वी हल्लीच्या तारखा मात्र तपासून घ्या. पहाटे 4 ला घंटा. आनापानसती (श्वासावरचं ध्यान), चंक्रमण (चालत ध्यान), प्रवचन, थोडी योगासनं, आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक काम. जेवण दोन वेळा, शाकाहारी. संध्याकाळी फक्त पेय. प्रत्येकाला छोटी खोली असते आणि खोलीत सिमेंटचा ओटा. त्यावर एक चटई, वर मच्छरदाणी, आणि डोक्याखाली लाकडाची उशी. होय, लाकडाचीच. पहिल्या रात्री सगळे तिच्यावर टॉवेलची घडी ठेवतात, तिसऱ्या रात्री टॉवेल सरकून पडलेला असतो आणि कुणाला कळलेलंही नसतं. आवारात गरम पाण्याचे झरे आहेत, संध्याकाळी लुंगी गुंडाळून त्यात बसायची मुभा असते. विंचू, गोमा असतात. चप्पल घालण्याआधी झटका.

तुम्हाला ही जागा सुचवण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते महाराष्ट्रातून जाणाऱ्या प्रत्येक बौद्धाने ऐकावं असं मला वाटतं. आपण धम्माकडे बाबासाहेबांच्या वाटेने आलो. 14 ऑक्टोबर 1956, दीक्षाभूमी, बावीस प्रतिज्ञा. आपला बुद्ध बुद्धिवादी आहे, सामाजिक आहे, आणि पुनर्जन्म, नरक, देवता यांचं नाव निघालं की आपल्या भुवया वर जातात. परदेशातल्या बहुतेक विहारांत हे सगळं ठासून भरलेलं आहे. तयारी नसेल तर पहिल्या तीन दिवसांतच मनाचा दरवाजा बंद होतो आणि पुढचे तीन आठवडे माणूस फक्त मुक्कामाला राहतो. बुद्धदासांचं तसं नाही. प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे दुःख कारणांच्या साखळीतून कसं उपजतं ती शिकवण, तीन जन्मांवर पसरवण्याची रूढ रीत त्यांनी बाजूला सारली आणि ते याच क्षणी, मनात ‘मी’ उठतो तेव्हा घडतं असं मांडलं. थायलंडच्या सनातनी मंडळींनी त्यांच्यावर टीकाही भरपूर केली. नागपूर-अकोल्याच्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. तिथून पुढे कठीण जागी गेलात तर पायाखाली जमीन असते.

ती कठीण जागा म्हणजे कोपन. काठमांडूतल्या बौद्धनाथच्या स्तूपापासून वर टेकडीवर हा तिबेटी मठ आहे. लामा थुब्तेन येशे आणि लामा झोपा रिंपोछे यांनी 1971 साली तिथे परदेशी लोकांसाठी पहिला ध्यानवर्ग घेतला आणि पुढे नोव्हेंबरचा महिन्याभराचा वर्ग हा तिथला दरवर्षीचा पायंडाच पडला. येशे 1984 ला गेले, झोपा रिंपोछे 2023 ला. आता वर्ग त्यांचे शिष्य, गेशे (तत्त्वज्ञानाची उच्च पदवी मिळवलेले तिबेटी भिक्षू) आणि पाश्चात्त्य भिक्षू-भिक्षुणी घेतात. शिकवतात ते लामरिम, म्हणजे बोधीकडे जाण्याचा पायरीपायरीचा मार्ग. त्याची मांडणी मूळ आपल्याच प्राचीन विक्रमशीला विद्यापीठातल्या आचार्य अतिशांची, अकराव्या शतकातली. पुढे तिचा विस्तार केला चोंखापा या तिबेटी आचार्यांनी. दिवस शिकवण्याचा, चिंतनाचा आणि चर्चागटांचा. चर्चागट हा त्या महिन्याचा सर्वांत मोलाचा भाग, कारण तिथे इस्रायलहून सैन्यातली नोकरी संपवून आलेला मुलगा, ब्राझीलची नर्स आणि तुम्ही एकाच मुद्द्यावर डोकं खाजवत बसता. वर्गाच्या शेवटच्या टप्प्यात सूर्योदयाआधी उठून महायान अष्टशील, म्हणजे दिवसभरासाठीचे आठ नियम, घेतात. मग दुपारच्या आत एकदाच जेवायचं.

इथे नरकांचं वर्णन येणार. दानव, प्रेतयोनी, गुरूला बुद्धस्वरूप मानणं, तारा देवीची पूजा, सगळं येणार. माझा सल्ला: पहिला आठवडा वाद घालू नका, पण गप्पही गिळू नका. वहीत लिहा आणि चर्चागटात विचारा. तिबेटी परंपरेत वादविवाद हा अभ्यासाचाच भाग आहे. प्रश्नाने कुणी दुखावत नाही. उलट ‘मला पटलं नाही, कारण असं’ म्हणणारा विद्यार्थी गेशेंना आवडतो. एवढंच पाहा की आधी समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत तुम्हाला मांडता आलं पाहिजे. ते जमेना तोवर खोडून काढण्यात अर्थ नाही. आणि दुसऱ्या बाजूने तयार राहा: भारतातून आलोय म्हटल्यावर ‘पण भारतात बौद्ध कुठे उरलेत?’ हा प्रश्न ठरलेला. धर्मशाळा आणि बोधगया पाहिलेल्या पाश्चात्त्यांनाही दीक्षाभूमी माहीत नसते. चहाच्या वेळेत पाच मिनिटांत नीट सांगता येईल अशी तयारी करून जा, कारण त्या घोळक्यात ते सांगणारं बहुधा दुसरं कुणी नसेल.

तैवानचं का नाही सुचवलं? जागा वाईट म्हणून नव्हे. काओशुंगजवळचं फो ग्वांग शान 1967 साली शिंग युन या भिक्षूंनी स्थापलं. त्यांचा लोकाभिमुख, समाजात उतरणारा बौद्ध धम्म आपल्याला जवळचा वाटावा असाच आहे. 2002 साली यीफा या भिक्षुणींनी, ज्यांची पीएच.डी. येल विद्यापीठाची आहे, तिथे विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी महिन्याभराचा विहारजीवनाचा इंग्रजी कार्यक्रम सुरू केला. पुढे तो वूडनफिश नावाने ओळखला गेला. पण असे कार्यक्रम बहुतेक उन्हाळ्यात आणि कॉलेजच्या वयाच्या मुलांसाठी असतात. तुमची रजा आणि वय दोन्ही बसत नाही. एखाद्या वाचकाचा मुलगा-मुलगी विशी-बाविशीची असेल तर त्यांनी जरूर चौकशी करावी. त्याच वयाच्यांसाठी बोधगयेत अँटिओक या अमेरिकी विद्यापीठाने 1979 ला सुरू केलेला सत्राचा कार्यक्रमही आहे: मुलं बर्मी विहारात राहतात, पंचशील पाळतात, थेरवादी (श्रीलंका-थायलंडकडची परंपरा), झेन आणि तिबेटी अशा तिन्ही पद्धतींचं ध्यान करतात आणि वर परीक्षाही देतात.

तैवानच्या जेवणाबद्दल मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण विहारातली शिस्त कशी हाडात शिरते ते तिथे दिसतं. शेकडो माणसं लांबच लांब टेबलांवर एकाच दिशेला तोंड करून बसतात. समोर दोन वाडगे आणि एक थाळी. बोलायचं नाही. वाडगा उचलायचा तो अंगठा काठावर आणि बोटं तळाशी ठेवून. याला ते ‘ड्रॅगनच्या तोंडातलं मोती’ म्हणतात. चॉपस्टिक्स खाली येतात त्याला ‘फिनिक्सची मान डोलते’. भात हवा असेल तर वाडगा टेबलाच्या बाहेरच्या कडेला सरकवायचा, वाढपी येतो. वाडग्याला चॉपस्टिक लागल्याचा आवाज झाला तर कुणी रागावत नाही, पण शेकडो माणसांच्या शांततेत तो आवाज फक्त तुमचा असतो. चौथ्या दिवशी हात आपोआप हळू होतो.

आता जेवणाचा विषय निघालाच आहे तर एकदाच काय ते सांगून टाकतो, कारण मराठी माणसाचा निम्मा प्रश्न हाच असतो. तैवानच्या विहारांत पूर्ण शाकाहार आणि कांदा-लसूणही नाही. सुआन मोक्खच्या शिबिरात आणि कोपनच्या वर्गात शाकाहार. पण थायलंड-श्रीलंकेच्या साध्या विहारात जे पात्रात पडेल ते, मासे-डुक्कर काहीही. तिथे शाकाहारी माणसाला भात आणि फळांवर भागवावं लागू शकतं. दुपारी बारानंतर काही चावून खायचं नाही हा नियम थेरवादात सगळीकडे. ॲसिडिटीवाल्यांनी घरी महिनाभर आधीपासून रात्रीचं जेवण कमी करत आणावं. लोणच्याची बाटली नेऊ नका. पाहिलंय मी, आणि ती बाटली मग अख्ख्या खोलीच्या मौनाचा भंग करते.

चीवर. पुरुषांना थायलंडात काही आठवड्यांसाठी प्रव्रज्या, म्हणजे घर सोडून चीवराची दीक्षा, घेणं ही तिथली रूढच आहे. परदेशी पुरुषही घेतात. पण जिथे नियम काटेकोर आहेत तिथे घाई चालत नाही. ईशान्य थायलंडात उबोनजवळचं वात पा नानाछात हे अजान चा या थाई गुरूंनी 1975 साली खास परदेशी भिक्खूंच्या प्रशिक्षणासाठी काढलेलं अरण्यविहार. तिथे पहाटे 3 ला घंटा, दिवसाला एकच जेवण, आणि पाहुणा पुरुष काही दिवसांहून जास्त राहणार असेल तर डोकं, दाढी आणि भुवयासुद्धा काढाव्या लागतात. आधी पांढऱ्या कपड्यात अष्टशीलावर महिने काढायचे, मग श्रामणेर, मग भिक्खू, आणि भिक्खू झाल्यावर पाच वर्षं गुरूच्या आश्रयाने राहायचं. पंधरा दिवसांचं चीवर हवं असणाऱ्याने तिथे जाऊच नये. बायकांची राहण्याची सोय तिथे मोजकी आहे.

तुमच्यासाठी वाट अरुंद आहे, बंद नाही. थायलंडात 1928 च्या संघराजांच्या (भिक्खूसंघाच्या प्रमुखांच्या) आदेशामुळे भिक्खूंनी स्त्रियांना प्रव्रज्या द्यायची नाही. बायका पांढऱ्या वस्त्रातल्या ‘माए ची’ होतात. त्यावर उपाय म्हणून थम्मसात विद्यापीठात प्राध्यापक राहिलेल्या धम्मानंदा यांनी 2003 साली श्रीलंकेत उपसंपदा, म्हणजे भिक्खुणीची पूर्ण दीक्षा, घेतली आणि आता नाखोन पाथोमच्या त्यांच्या विहारात बायकांना थोड्या दिवसांची श्रामणेरी प्रव्रज्या मिळते. येणाऱ्या बहुतेक थाई असतात, भाषाही तीच. तैवानात भिक्षुणींची परंपरा अखंड आहे, त्यांची संख्या भिक्षूंहून कितीतरी जास्त. फो ग्वांग शानमध्येही अल्पकाळाची प्रव्रज्या देतात, पण चिनी समजत असेल तर. तिबेटी परंपरेत थोड्या दिवसांचं चीवर हा प्रकारच नाही, घेतलं तर आयुष्यासाठी. अभ्यासाचे दरवाजे मात्र तिथे उघडलेत: 2016 साली वीस भिक्षुणींच्या तुकडीला गेशेमा, म्हणजे गेशेच्या बरोबरीची पदवी मिळाली, समारंभ कर्नाटकात मुंडगोडला झाला, आपल्या हुबळीपासून जवळ.

चीवर अंगावर आल्यावर काय वाटतं हेच बघायचं असेल तर एवढ्या लांब जायची गरजही नाही. महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत दहा दिवसांची श्रामणेर शिबिरं होतात, काही ठिकाणी श्रामणेरींचीही. भन्तेजी ओळखीचे, भाषा आपली, आणि पिंडपाताला, म्हणजे भिक्षेला, आपल्याच वस्तीत पात्र घेऊन फिरताना शेजारच्या काकू वाकून नमस्कार करतात, तेव्हा जी पंचाईत होते ती बँकॉकमध्ये होणार नाही. तसं पाहिलं तर या वाटेने जाणारा पहिला मराठी माणूस आपल्या गोव्याचाच. साखवाळचे धर्मानंद कोसंबी 1902 साली कोलंबोला पोचले आणि विद्योदय परिवेणात (भिक्खूंच्या विद्यालयात) सुमंगल महाथेरांकडून श्रामणेर झाले. त्यांना पाली शिकायची होती, चीवर त्यासाठीची पायरी होती. घर, बायको, मुलगी मागे होती आणि परतीचं तिकीट नव्हतं, हेही लक्षात असू द्या. तुमच्याकडे बिनपगारी रजा आहे.

खर्चाचं: रक्कम मुद्दाम देत नाही, दरवर्षी बदलते. तत्त्व सांगतो. अरण्यविहार पैसे मागत नाहीत, निघताना जे द्याल ते दान. सुआन मोक्ख आणि कोपनसारखी शिबिरं राहण्याजेवणापुरतं शुल्क घेतात, आणि ते थायलंडच्या साध्या गेस्ट हाऊसपेक्षा जास्त नसतं. विमानभाडंच मोठं. नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही. थायलंडचे नियम मधूनमधून बदलतात, दूतावासाच्या संकेतस्थळावरच बघा. प्रव्रज्येचं ‘पॅकेज’ विकणारा कुणी भेटला तर त्याला हात जोडून पुढे चला. म्यानमारला सध्या जाऊ नका. 2021 च्या लष्करी उठावानंतर तिथली परिस्थिती अशी नाही की पहिल्यांदा जाणाऱ्याला मी पाठवेन, मग ध्यानगुरू कितीही मोठे असोत. कोरियाचं टेंपलस्टे, म्हणजे विहारातला मुक्काम, चांगलं आहे, पण 2002 च्या फुटबॉल विश्वचषकाला आलेल्या पाहुण्यांची सोय म्हणून सुरू झालेली ती योजना; दोन दिवसांची ओळख, अभ्यास नव्हे.

अर्ज भरताना तब्येतीच्या रकान्यात खरं लिहा. गोळ्या चालू असतील, विशेषतः झोपेच्या किंवा नैराश्याच्या, तर लपवू नका आणि शिबिरासाठी म्हणून बंद तर अजिबात करू नका. लांब मौनात दबलेलं वर येतं. डॉक्टरशी बोलून, केंद्राला कळवून गेलात तर ते सांभाळून घेतात, तास कमी करतात. गुडघे दुखत असतील तर खुर्ची मागा. तिथे खुर्चीवर बसणाऱ्याला कुणी कमी लेखत नाही, कमी लेखतो तो आपला आपणच.

बोधगयेत उरलेले दिवस एकटीने घालवायला भिऊ नका. डिसेंबरमध्ये तिथे सगळ्या परंपरांचे विहार जागे असतात, आणि कोपनच्याच परिवारातल्या रूट इन्स्टिट्यूटमध्ये थंडीच्या मोसमात छोटे वर्ग चालतात. पुढे अभ्यासाचीच ओढ वाटली तर भारतीय म्हणून आपल्याला एक मोठी सवलत आहे: मुंडगोड, बैलकुप्पे इथल्या तिबेटी वसाहतींत राहायला परदेशी लोकांना सरकारी परवाना काढावा लागतो, आपल्याला लागत नाही. धर्मशाळेत 1970 पासून असलेल्या तिबेटी ग्रंथालयात तत्त्वज्ञानाचे वर्ग इंग्रजी भाषांतरासह चालतात. तिथे वर्षभर राहून शिकणारे भारतीय अजूनही थोडेच.

आणि आई. तिला बहुतेक एकच भीती असणार, मुलगी परतच आली नाही तर? सुआन मोक्खला किंवा कोपनला केस काढावे लागत नाहीत, हे आधी सांगा. त्यानेच अर्धं काम होतं. दोन्ही ठिकाणच्या ऑफिसचे नंबर आणि परतीच्या तिकिटाची प्रत घरी ठेवा. मौनाच्या दिवसांत फोन बंद राहील हे तारखांसकट कॅलेंडरवर लिहून द्या, नाहीतर चौथ्या दिवशी अकोल्यातला सगळा गोतावळा दूतावासाला फोन लावत बसेल. शक्य असेल तर डिसेंबरच्या शेवटी आईलाच बोधगयेला बोलवून घ्या. महाराष्ट्रातून यात्रेच्या बसेस त्या दिवसांत तिथे येतातच, वस्तीतल्या चार बायका सोबत असल्या की तीही येईल, आणि परतीचा प्रवास दोघींचा एकाच गाडीने होईल.